लाँचमधून वर्षावनाकडे

वर्षावन हा शब्द भूगोलाच्या तासाला आला, की बीडच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर ॲमेझॉनचे खोरे उभे राहते. ते साहजिकच आहे. १८४८ मध्ये आल्फ्रेड वॉलेस आणि हेन्री बेट्स हे दोन तरुण निसर्गअभ्यासक तेथे गेले, तेव्हा जंगलात शिरायला नदी हाच रस्ता होता. लहान होड्यांतून फिरत त्यांनी हजारो कीटक व पक्षी गोळा केले.

आपल्या सह्याद्रीत मात्र तशी सोय नव्हती. येथील नद्या पश्चिमेला कड्यावरून कोसळतात, तर पूर्वेला उन्हाळ्यात त्यांचे पाणी ओसरते. त्यामुळे घाटमाथ्यावरील सदाहरित जंगल अभ्यासकांनी पायी पालथे घातले. अर्थात या रानाची जाण तेथील गावकऱ्यांना आधीपासून होतीच. पुण्याजवळच्या दापोडी येथील वनस्पती उद्यान सांभाळणारे डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. १८६१ मध्ये त्यांनी व डाल्झेल यांनी इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे थिओडोर कुक यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला.

सह्याद्रीच्या या रानात जलमार्ग आला तो धरणामुळे. १९६० च्या दशकात कोयना धरण बांधून झाले, शिवसागर जलाशय भरला, गावे उठली. सातारा जिल्ह्यातील बामणोलीहून निघणारी लाँच आज त्याच बुडालेल्या खोऱ्यावरून वासोट्याच्या पायथ्याशी जाते. काठाला उतरून थोडे चालले, की अंजन, जांभूळ, पिसा यांची दाट सावली सुरू होते. वर शेकरूची घरटी दिसतात. जी माणसे उठली त्यांनी मोठी किंमत मोजली, आणि त्यांच्यामागे रान मात्र दाट होत गेले. १९८५ मध्ये येथे अभयारण्य झाले, २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले आणि २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत पोचले.

बीडच्या शिक्षकांशी या विषयावर बोलताना आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : आमच्याकडे जंगल नाही, म्हणून पाऊस नाही का? गिब्सन यांच्या पिढीतील अनेकांचे मत जवळपास असेच होते. झाडे तोडली की पाऊस कमी होतो आणि झरे आटतात, असे ते सरकारला बजावत असत.

यातील दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. कोयनेच्या खोऱ्यात वर्षाला सुमारे ५००० मिमी पाऊस पडतो, तर बीडला ७०० मिमीच्या आसपास. हा फरक मुख्यतः डोंगराने केलेला आहे. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्री चढते, थंड होते आणि तेथेच बरसते. पलीकडे उतरताना ती कोरडी होते. महाबळेश्वरहून पाचगणीला येईपर्यंत पाऊस तिसऱ्या हिश्शावर येतो आणि वाईला तर जवळपास बीडइतकाच उरतो. जंगलही हवेत बाष्प सोडते. पश्चिम घाटातील झाडांच्या बाष्पाचा तामिळनाडूच्या पावसाला हातभार लागतो, असे मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले. पण नुसती झाडे लावून पर्जन्यछाया पुसता येत नाही.

दुसरी गोष्ट झऱ्यांची, आणि तेथे गिब्सन यांची काळजी रास्त होती. पडलेले पाणी मुरते की वाहून जाते, हे जमिनीवरील आच्छादन ठरवते. बालाघाटाच्या डोंगरात मांजरा उगम पावते. बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकापासून भूजलावर उभी आहे. उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी तर सह्याद्रीतच जन्मते आणि तिचे पाणी जायकवाडीतून कालव्याने माजलगावला पोचते. तेव्हा ‘पाऊस पडावा म्हणून झाडे लावा’ असे सांगण्यापेक्षा ‘पडलेला पाऊस थांबावा म्हणून झाडे जगवा’ असे सांगणे अधिक खरे ठरेल.

वर्गात हे सहज दाखवता येईल. दोन तिरप्या पाट्यांवर माती पसरा, एकीवर पालापाचोळा टाका आणि दोन्हींवर झारीने सारखेच पाणी घाला. खाली किती पाणी आले आणि ते किती गढूळ आहे, हे विद्यार्थ्यांनाच मोजू द्या.