प्रहार

कमांडो प्रशिक्षणावरील हिंदी चित्रपट (१९९१). निर्माते सुधाकर बोकाडे. नाना पाटेकर यांनी दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट. मेजर चव्हाण ही मध्यवर्ती भूमिकाही त्यांचीच.

चित्रपटाचा पूर्वार्ध बेळगावच्या कमांडो प्रशिक्षणात घडतो. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. भूमिकेसाठी पाटेकरांनी तिथे जवानांबरोबर कसरत केली. पुढे त्यांना प्रादेशिक सेनेत मानद कॅप्टनपद मिळाले आणि १९९९च्या कारगिल युद्धकाळात ते आघाडीवर गेले. नंतर लष्करप्रमुख झालेले व्ही. के. सिंह हेही चित्रपटात ओझरते दिसतात.

मुंबईतील बेकरीवाल्या डिसूझाचा (हबीब तन्वीर) मुलगा पीटर (गौतम जोगळेकर) या प्रशिक्षणाला येतो. चव्हाण कुणालाच सवलत देत नाही. धावणे, दोरावर लोंबकळणे, चिखलात लोळणे आणि अंगातले त्राण संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे सगळे पार्श्वसंगीताच्या तालावर झटपट उरकलेले नाही. माणसाच्या मनातली भीती कशी काढून घेतात, हे हिंदी पडद्यावर इतक्या निगुतीने क्वचितच आले आहे. शर्ली (माधुरी दीक्षित) आणि किरण (डिंपल कापडिया) या नायिकांचे चेहरेही रंगभूषेविना आहेत. त्या काळच्या आघाडीच्या नायिकांच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हती.

ओलिसांच्या सुटकेच्या कारवाईत पीटर जायबंदी होतो आणि सैन्य सोडून घरी परततो. त्याच्या लग्नासाठी मुंबईला आलेल्या चव्हाणला कळते, की हप्ता मागणाऱ्या गुंडांनी पीटरला ठार मारले आणि वस्ती बघत राहिली. मग चव्हाण स्वतःच हिशेब चुकता करतो. शेवटी त्याची रवानगी मनोरुग्णालयात होते. इथे चित्रपट सूडकथेच्या मळलेल्या वाटेला लागतो आणि भाषणेही वाढतात. अख्ख्या समाजाला लष्करी शिस्तीत उभे करण्याचा चित्रपटाचा आग्रह तर वादग्रस्तच आहे. मात्र शत्रूशी लढायला घडवलेला माणूस आपल्याच गल्लीत कायद्याला नकोसा होतो, हा पेच पूर्वार्धातील प्रशिक्षण इतके खरे उतरल्यामुळेच बोचतो.

संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, गीते मंगेश कुलकर्णी यांची. मन्ना डे यांनी गायलेले त्यातले गीत शाळांच्या कार्यक्रमांतून चित्रपटाहून दूरवर पोचले.