केडगावचे मौन

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव हे स्टेशन लागते. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनामुळे या गावाचे नाव इतिहासात गेले. रमाबाईंच्या धर्मांतरावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्या वादात आम्हाला शिरायचे नाही. आमचा प्रश्न साधा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने त्यांचा मुक्काम केडगावी पडला. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि संख्या २,००० च्या घरात गेली. भूक साऱ्यांनीच भोगली होती. पण त्या भुकेची सविस्तर कहाणी आपल्या हाती येते ती मुख्यतः एकाच बाईची, खुद्द रमाबाईंची. बाकीच्या गप्प का?

त्या निरक्षर होत्या, हे उत्तर चटकन सुचते. ते अपुरे आहे. मुक्तीत लिहायला-वाचायला शिकवले जात होते. त्यांना कोणी विचारले नाही, हे दुसरे उत्तर, आणि ते अधिक खरे. तरीही काही उरतेच.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत. आई लक्ष्मीबाईंनी मुलीला संस्कृत शिकवले. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे १८,००० श्लोक तिला पाठ होते, असे चरित्रांतून सांगितले जाते. कुरआन शरीफच्या सहा हजारांवर आयती मुखोद्गत असलेले हाफिज आपण रोज पाहतो, त्यामुळे आपल्या वाचकांना हे अशक्य वाटणार नाही. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. आई अखेरच्या आजारात अन्न मागत होती, तेव्हा रमा शेजारणीच्या दारात जाऊन उभी राहिली. हजारो श्लोक तोंडपाठ असलेल्या त्या मुलीच्या तोंडून भाकरीसाठी एक शब्द फुटेना. शेजारणीने विचारपूस करून बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. तो आईला गिळवला नाही. हे सारे रमाबाईंनी लिहिले १८९७ मध्ये, बावीस-तेवीस वर्षांनी, आणि भाकरी कशाची होती तेही त्या विसरल्या नव्हत्या.

ही आठवण इतकी घट्ट का बसली? संकटात मूत्रपिंडांवरच्या दोन लहान ग्रंथी रक्तात अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये सोडतात. १९९४ साली अमेरिकेत केहिल, मॅकगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना एका मुलाच्या अपघाताची चित्रकथा दाखवली. ज्यांना अॅड्रिनलिनचा परिणाम रोखणारे औषध आधी दिले होते, त्यांना आठवड्याने कथेतला हृदयद्रावक भाग इतरांइतका आठवला नाही, साधा भाग मात्र आठवला. म्हणजे धसका आठवणीवर शिक्का मारतो. पण तोच धसका आठवण वर येऊही देत नाही. १९९८ मध्ये द क्वेर्व्हें यांच्या प्रयोगात शिकलेली वाट उंदीर विसरले, ते झटका बसल्यावर अर्ध्या तासाने. दोन मिनिटांनी किंवा चार तासांनी तपासले तेव्हा ती वाट त्यांना येत होती. आठवण पुसली गेली नव्हती, फक्त त्या वेळी हाती लागत नव्हती. तरावीहमध्ये पक्का हाफिजही कधी अडखळतो, म्हणून मागे लुकमा द्यायला दुसरा हाफिज उभा असतो. आपल्या बुजुर्गांना हे प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होते.

पण सगळी माणसे सारखी नसतात. जर्मनीतल्या ट्रिअर येथे कर्शबाउम यांनी २० निरोगी पुरुषांना पाच दिवस अनोळखी लोकांपुढे भाषण करायला आणि तोंडी हिशेब करायला लावले. १९९५ साली निष्कर्ष छापला. १३ जणांचे कॉर्टिसॉल पहिल्या दिवसानंतर फारसे चढले नाही, सात जणांचे रोज चढत राहिले. ते सात स्वतःला कमी लेखणारे होते. एकच प्रसंग, पण एकाला तो दुसऱ्या दिवशी सवयीचा होतो, तर दुसऱ्याला रोज नवा. मग दोघांच्या आठवणी सारख्या कशा असतील?

१८७४ च्या रमेचे रक्त कोणी तपासले नव्हते, तेव्हा तिच्या स्वभावाचा निकाल प्रयोगशाळेच्या भाषेत देणे हा उतावळेपणा होईल. एवढे मात्र दिसते की तिच्यासोबत तोच उपास सोसणारा भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये वारला, आणि आज तो आपल्याला बहिणीच्याच शब्दांत भेटतो.

हा प्रश्न आम्हाला केडगावपुरता वाटत नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निजामाच्या मुलखात, मराठवाड्यातही, जे घडले त्याची पाहणी पंडित सुंदरलाल समितीने केली. २७,००० ते ४०,००० माणसे मेली असावीत, असा तिचा अंदाज होता. अहवाल कित्येक दशके दडलेला राहिला. घराघरांतल्या आठवणींचे काय? एक भाऊ विहीर, वेळ, झाड, सगळे सांगतो. दुसरा म्हणतो, "मला काही याद नाही, बेटा." आपण पहिल्याला साक्षीदार मानतो आणि दुसऱ्याला भित्रा. इतिहास लिहिणाऱ्यांनीही हेच केले. जो बोलला त्याचे कागदावर आले, आणि जो गप्प राहिला त्याच्यावर जणू काही गुदरलेच नाही. आम्हाला हा अन्याय वाटतो. कदाचित दुसऱ्याचे दुःख अजून ताजेच असेल. कदाचित भर बैठकीत, चार माणसांसमोर विचारले म्हणूनच त्याला काही सुचले नसेल.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावीच वारल्या. त्यांची संस्था आजही तिथे आहे. तिथल्या पहिल्या ३०० मुलींतली शेवटची केव्हाच गेली असेल. त्यांच्यापैकी कितीजणींना शेजारणीचे दार आठवत होते आणि कितीजणींना दारात उभे राहिल्यावर काहीच बोलता आले नव्हते, ते विचारायला आता कोणी उरलेले नाही. मराठवाड्यात मात्र काही वयोवृद्ध अजून आहेत.