काडीमोड : घटस्फोटातील मालमत्ता आणि मुलांचा ताबा

काडीमोड : विवाह मोडण्यासाठीचा जुना मराठी शब्द. काडी मोडून नाते संपल्याचे जाहीर करण्याच्या रूढीवरून तो आला. फारकत, सोडचिठ्ठी हे त्याच अर्थाचे शब्द. कायद्याच्या भाषेत विवाहविच्छेद. काडीमोडीनंतर घर, शेत, दागिने आणि मुले कोणाकडे जातात, ते या नोंदीत भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यातल्या आसगावसारख्या धानाच्या गावातून पाहिले आहे.

मुंबई प्रांतातील हिंदूंना 1947च्या कायद्याने घटस्फोटाची वाट मोकळी झाली. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, त्यामुळे तो कायदा इकडे लागू नव्हता. येथे जातीची रूढी असेल तरच फारकत मिळे. हिंदू कोड बिलासाठी झगडलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1954 साली याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. पुढच्याच वर्षी, 18 मे 1955 रोजी, त्याच बिलातून निघालेला हिंदू विवाह कायदा अमलात आला. जिल्ह्यात मोठ्या संख्येने असलेल्या बौद्धांनाही तोच लागू होतो.

या कायद्याने रूढीची फारकत रद्द केली नाही, पण तशी रूढी समाजात खरोखर चालत आली आहे हे कोर्टात सिद्ध करावे लागते. स्टॅम्प पेपरवर दोघांच्या सह्या आणि चार पंचांचे अंगठे घेतले म्हणजे मोकळे झालो, हा समज म्हणूनच घातक आहे. अशा कागदावर विसंबून दुसरे लग्न केलेल्या बाईचे लग्नच पुढे बेकायदा ठरू शकते.

मालमत्तेबाबत मूळ गोष्ट ही, की भारतीय कायद्यात नवरा-बायकोची ‘वाटणी’ नाही. भावाभावांच्या हिस्सेवाटणीसाठी तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, दिवाणी दावा लावता येतो. बायको मात्र वीस वर्षे रोवणी, निंदण, कापणी करूनही घटस्फोटाच्या वेळी त्या धानाच्या बांधीत हिस्सा मागू शकत नाही. जमीन ज्याच्या मालकीची, त्याचीच राहते. विवाह कायद्याचे कलम 27 फक्त लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरते आहे. हा उघड अन्याय आहे. तो काही अंशी दूर करणारे विधेयक 26 ऑगस्ट 2013 रोजी राज्यसभेत मंजूर झाले, लोकसभेत मात्र ते कधीच मंजूर झाले नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, संपत्ती दोघांची सामाईक धरली जाते आणि विभक्त होताना अर्धी-अर्धी होते.

स्त्रीधन मात्र पूर्णपणे बाईचे. माहेरचे दागिने, भांडी, आहेरात तिला मिळालेली रक्कम सासरच्यांकडे फक्त ठेवीसारखी असते. ती परत न देणे हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली सांगितले. सोनाराच्या पावत्या आणि लग्नातले फोटो म्हणूनच जपून ठेवावेत.

उरते ती पोटगी, आणि तिचा आजचा नियम विदर्भातल्याच एका खटल्यातून आला. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने पत्नीला दरमहा 15,000 रुपये अंतरिम पोटगी आणि मुलासाठी वेगळी रक्कम ठरवली होती. पती वरच्या न्यायालयांत गेला. 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल देताना देशभरासाठी नियम घालून दिले : दोघांनीही मालमत्ता आणि कर्जाचे शपथपत्र द्यायचे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. शपथपत्राचा एक नमुना खास शेतकरी कुटुंबांसाठी आहे. त्यात एकूण जमीन किंवा तिच्यातला हिस्सा, ओलिताची की कोरडवाहू, पिके, तीन वर्षांचे उत्पन्न, बटईने घेतलेली शेती, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या, मासेपालन, जमिनीवरचे कर्ज, सारे विचारले जाते. जिथे सातबारा सासऱ्याच्या नावाने आणि मुलगा कोर्टात ‘माझे काहीच नाही’ म्हणतो, तिथे ‘हिस्सा’ हा एक शब्द फार मोलाचा आहे. गोसीखुर्द धरण प्रकल्पात गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळालेल्या घरांत बँकेतली ती रक्कमही दाखवायला हवी.

कायमची पोटगी एकरकमी किंवा दरमहा असते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 प्रमाणे तिचा बोजा देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर ठेवता येतो. धान विकला गेला नाही, पीक बुडाले, ही सबब ऐकत वर्षे काढण्यापेक्षा हा बोजा आधीच मागून घेतलेला बरा. परस्पर संमतीच्या घटस्फोटात तर अटी दोघेच लिहितात; तिथे ‘शेताचा तुकडा’ असे मोघम न लिहिता गट क्रमांक आणि क्षेत्र लिहावे.

मुलांच्या बाबतीत कायद्याची चौकट जुनी आहे. हिंदूंच्या पालकत्वाबाबतच्या 1956च्या कायद्यात बाप पहिला नैसर्गिक पालक. पाच वर्षांखालचे मूल मात्र सहसा आईकडे. पण त्याच कायद्याचे कलम 13 मुलाच्या हिताला सर्वांत वर ठेवते, आणि कोर्टे त्यावरच निर्णय देतात. आईची कमाई कमी म्हणून मूल काढून घेतले जात नाही. पोटगी त्यासाठीच असते. समजत्या वयाच्या मुलाची इच्छा न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटीचा हक्क मिळतो, आणि ताब्याचा हुकूम परिस्थिती बदलल्यास बदलून घेता येतो. भेटीचे वार आणि दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्ट्या हुकुमात स्पष्ट लिहून घ्याव्यात, नाहीतर भांडण पोराच्या शाळेच्या दारात पोचते.

घटस्फोटाचा अर्ज पत्नीला ती सध्या राहते त्या ठिकाणच्या न्यायालयातही करता येतो. 2003च्या दुरुस्तीने ही सोय झाली. माहेरी परतलेल्या बाईला सासरच्या जिल्ह्यात खेटे घालावे लागत नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार स्त्रिया आणि मुलांना, उत्पन्न कितीही असले तरी, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा.