कंपनीची वही कोणी वाचावी?

कंपन्यांच्या कारभाराचा विषय यंदाच्या व्याख्यानमालेत घ्यावयाचा म्हटल्यावर कोणीही विचारील, की गेवराईत मोठी कंपनी आहे कोठे? प्रश्न रास्त आहे. परंतु आपला कापूस जिनिंगमधून निघून अखेर कोणत्या तरी कंपनीच्या गिरणीत जातो, आपला विम्याचा हप्ता कंपनीत जातो, आणि दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे कोयते घेऊन ज्या कारखान्यांकडे निघतात त्यांचा कारभारही संचालक मंडळच पाहते. कंपनी आपल्या गावात नसेल, पण आपण तिच्या व्यवहारात आहोतच.

कंपनी नीतीने चालते की नाही हे कसे ओळखावे? तिने किती धर्मशाळा बांधल्या यावरून ते ओळखू नये, असे आमचे मत आहे. दोनच गोष्टी पाहाव्यात. कारभाऱ्याला मोबदला कशावर मिळतो, आणि हिशेबाची वही कोणाला वाचता येते. गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास याच दोन प्रश्नांभोवती फिरला आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत सूतगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ साली तिची चाके फिरू लागली. पुढे गिरण्या वाढल्या. भांडवल भागधारकांचे असे, पण कारभार ‘मॅनेजिंग एजंट’ नावाच्या पेढीकडे असे. मुंबईत या एजंटाला पुष्कळ ठिकाणी उत्पादनाच्या दर पौंडामागे पाव आणा, म्हणजे जुना एक पैसा, दलाली मिळे. पैसा ऐकावयास लहान वाटतो. पण गिरणीने दहा लाख पौंड सूत काढले की एजंटाच्या पदरात १५,६२५ रुपये पडत. कंपनीला नफा होवो वा तोटा, एजंटाचा पैसा ठरलेला. शिवाय कापसाच्या खरेदीवर, यंत्रांवर आणि मालाच्या विक्रीवरही काही एजंट वेगळी दलाली घेत. मग बाजारात उठाव नसला तरी गिरणी रात्र पडेपर्यंत चालविण्यातच त्यांचे हित असणार. भागधारकाचा पैसा आणि कामगाराचे हाड एकाच दलालीत झिजत होते. येथे एजंट स्वभावाने दुष्ट होता असे मानण्याचे कारण नाही. मोबदल्याची रीतच दुष्ट होती.

ही रीत मोडणाऱ्यांत जमशेटजी टाटांचे नाव घ्यावे लागते. १८८६ साली हाती घेतलेल्या स्वदेशी मिलमध्ये त्यांनी उत्पादनावरची दलाली सोडून नफ्यावर दहा टक्के घेण्याची पद्धत ठेवली. कंपनी बुडाली तर कारभारीही उपाशी, हा त्याचा अर्थ. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, जी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, त्यांनी कामगारांसाठी निवृत्तिवेतन आणि अपघाताची भरपाई यांच्या योजना आणल्या. अपघात-भरपाईचा कायदा देशात १९२३ साली आला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांची दूरदृष्टी कळते. संघटनेचे काम करणाऱ्याने चांगल्या मालकाला चांगले म्हणावयास कचरू नये.

तथापि चांगला मालक हा काही नियम नव्हे. सगळ्या गिरण्या टाटांच्या नव्हत्या. म्हणून २३ सप्टेंबर १८८४ रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा भरविली. मागण्या कोणत्या होत्या? आठवड्यास एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. शेवटची मागणी नीट पाहा. पगारवाढ मागितलेली नाही. मागितला आहे तो हिशेब, तोही वेळेवर. रविवारची सुट्टी मिळावयास १० जून १८९० उजाडावा लागला. वेळेवर वेतन देण्याचा कायदा तर १९३६ साली झाला.

त्याच १९३६ साली कंपनी कायद्यातही दुरुस्ती झाली. एजंटाची मुदत वीस वर्षांवर आली आणि मोबदला निव्वळ नफ्याशी बांधला गेला. १९५६ च्या कायद्याने लगाम आणखी आवळला, आणि ३ एप्रिल १९७० पासून मॅनेजिंग एजन्सी देशातून उठली.

एवढ्याने नीती आली काय? ज्या हैदराबादेतून १९५६ पर्यंत आपल्या जिल्ह्याचा कारभार चाले, तेथेच २००९ साली त्याचे उत्तर मिळाले. ‘सत्यम’ ही संगणक-व्यवसायातील मोठी कंपनी. उत्तम कारभाराबद्दल तिला २००८ मध्ये पारितोषिकही मिळाले होते. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले, की वहीत दाखविलेल्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. संचालक मंडळात नामांकित माणसे होती, लेखापरीक्षक जगद्विख्यात होते. कुंपण होते, पण कुंपणाचा पगार शेताच्या मालकाच्या हातात होता.

त्यातून २०१३ चा कंपनी कायदा कडक झाला. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत एक तृतीयांश संचालक स्वतंत्र असावेत, लेखापरीक्षक ठरावीक काळाने बदलावेत, गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण असावे, असे त्यात आले. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावावेत, असेही आले. हे सर्व स्वागतार्ह आहे. मात्र घामाचा भागीदार वहीबाहेरच राहिला. राज्यघटनेत १९७६ साली घातलेले ४३-अ हे कलम उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा असे सांगते. ते मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. कारखाना सहकारी असो वा खासगी, त्याच्या वहीत उसाचे टन आहेत, साखरेची पोती आहेत. पण तो ऊस तोडणाऱ्या जोडप्याचा हिशेब बहुधा मुकादमाच्या डायरीत असतो. उचल किती, फेडली किती, खाडे किती, हे दुसऱ्याने लिहावे आणि आपण मान डोलवावी! हंगाम संपल्यावरही पैसे अंगावरच निघतात, आणि ते कसे निघाले हे विचारण्यास कागद हाती नसतो. पौंडामागे पैसा घेणारा एजंट गेला, परंतु त्याच्यासारखीच टोळीच्या कामावर कमिशन घेणारी रीत येथे अजून आहे.

यावर तोडगा नाही असे नव्हे. हमालांच्या बाबतीत महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. जेथे तो लागू झाला तेथे मालक आणि कामगार दोघांची नोंद मंडळाकडे होऊ लागली, आणि मजुरीही मंडळामार्फत मिळू लागली. पाठीवर पोते वाहणाऱ्याचे नाव वहीत येऊ शकते, तर डोक्यावर मोळी वाहणारीचे का येऊ नये?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. येत्या हंगामात उचल घेताना दोन प्रती लिहाव्यात. एक मुकादमाकडे, एक मजुराच्या घरी, आणि स्त्रीचे नाव तिच्या कामासह वेगळे लिहावे. ज्यांस लिहिता येते अशा येथील शिक्षकांनी, दुकानदारांनी, विद्यार्थ्यांनी गावी बसून तो कागद वाचून दाखवावा. लोखंड्यांनी १८८४ साली वेळेवर हिशेब मागितला होता. आपण निदान लेखी मागावा.