लोणावळ्यात मोजलेला श्वास

संध्येला बसलेला माणूस नाक धरून पूरक, कुंभक, रेचक (श्वास घेणं, रोखणं, सोडणं) करी, तो काही रक्तदाब उतरावा म्हणून नव्हे. स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’त आठ कुंभक सांगितले आहेत. तिथे रोग बरे होण्याचा उल्लेख येतो, पण वाटेत मिळणारा लाभ म्हणून. जायचं असतं समाधीकडे. धास्तावलेल्या, आजारी किंवा घरचं माणूस गेल्यानं खचलेल्या कुणालाही आज आपण ‘जरा सावकाश श्वास घे’ म्हणतो. संध्येचा प्राणायाम इथवर आला, त्या वाटेवर लोणावळा लागतं.

अमळनेरला शिक्षक असलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासांकडे योग शिकले. गुरूंवर त्यांची अपार श्रद्धा होती, तरी पडताळून पाहायचं त्यांनी सोडलं नाही. बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांचे एक्स-रे काढले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, हे मोजून दाखवलं आणि त्या निर्वाताला माधवदासांचं नाव दिलं. गुरुदक्षिणा असावी तर अशी! १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापली, ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं.

प्राणायामानं शरीराला भरपूर जादा ऑक्सिजन मिळतो, ही समजूत तेव्हाही होती. प्राणायामाचं खरं मोल त्यात नाही, असं कुवलयानंदांनी स्वच्छ सांगितलं. माझ्या लेखी त्यांचं मोठेपण इथेच आहे. येल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ कोवूर बेहनन त्यांच्याकडे येऊन राहिले आणि त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. उज्जायी प्राणायामानंतर आकडेमोडीसारख्या कसोट्यांत त्यांचा वेग चक्क मंदावला. मन मात्र निवांत झालं. १९३७च्या पुस्तकात त्यांनी दोन्ही गोष्टी नोंदवल्या.

ही स्वस्थता येते कुठून? श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो, ठोके मंदावतात. २००१ साली इटलीतल्या लुचानो बर्नार्दी यांच्या गटानं जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि योगमंत्र दोन्ही तपासले. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळली.

दुःख यानं हलकं होतं, असं मी म्हणणार नाही. रडून छाती भरून आलेल्या माणसाला पुढचा तासभर निभावता येतो, एवढं नक्की. त्यासाठी कुंभकाची गरज नाही. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी तर श्वास रोखूच नये. नाकानं घ्यावा आणि घेतला त्याहून सावकाश सोडावा.