एअर पिस्तूल नेमबाजी: हात हलला तरी दहा लागतो, बोटाने झटका दिला की हुकतो

१ ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलचं कांस्य आणलं आणि गावागावांत पोरं नेमबाजीबद्दल विचारू लागली. पिस्तुलातही कोल्हापूर मागे नाही. राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं आहे. नवीन पोरांची सुरुवात मात्र बहुतेक 10 मीटर एअर पिस्तुलानेच होते.

आमचा पुतण्या त्यातलाच. सहा महिने सराव करूनही छर्रे डावीकडे खालीच जायचे. "पिस्तूलच खराब आहे, दुसरं घ्या" म्हणून हट्ट धरला. उसाचं बिल आलं की बघू, असं घरात ठरलंही होतं. एक दिवस प्रशिक्षकांनी त्याला न सांगता छर्रा न भरताच पिस्तूल हातात दिलं. त्याने ट्रिगर दाबला आणि नळी खाली गेली. सगळ्यांनी पाहिलं. दोष पिस्तुलात नव्हता, बोटात होता. नवीन पिस्तुलाचा खर्च वाचला.

आधी खेळ समजून घ्या

अंतर 10 मीटर, छर्रा 4.5 मिलिमीटरचा, पिस्तूल एकाच हातात. स्पर्धेत 75 मिनिटांत 60 शॉट, म्हणजे जास्तीत जास्त 600 गुण. पिस्तूल दीड किलोपेक्षा जड चालत नाही. ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा लागतो, म्हणजे अर्धा लिटर पाण्याच्या वजनाएवढा. दहाचं वर्तुळ फक्त 11.5 मिलिमीटर रुंद असतं.

हात हलणारच

हात कुणाचाच दगडासारखा स्थिर राहत नाही. पिस्तूल सरळ असेल आणि अख्खा हात 5 मिलिमीटर सरकला, तर छर्राही तेवढाच सरकतो. छर्र्याची कड वर्तुळाला लागली तरी गुण मिळतो, म्हणून तो शॉट दहाच.

पण मनगट वळलं तर हिशोब बदलतो. पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये साधारण 30 सेंटिमीटर अंतर धरा. तिथे 1 मिलिमीटर चुकला की टार्गेटवर 33 मिलिमीटर चुकतो. दहाच्या जागी सहा! म्हणून हात थांबवण्याच्या मागे लागू नका, दोन्ही साईट एका रेषेत ठेवा.

उभं कसं राहायचं

पाय खांद्याएवढे फाकवा, अंग टार्गेटला आडवं ठेवा, मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवा. डोळे मिटून हात वर करा आणि मग उघडा. पिस्तूल बाजूला गेलेलं दिसलं तर मनगट वळवू नका, मागचा पाय थोडा सरकवा. मूठ दर वेळी सारखीच आणि तेवढीच घट्ट हवी.

नजर पुढच्या साईटवर

मागच्या साईटच्या खाचेत पुढचा साईट मधोमध दिसला पाहिजे. दोन्ही बाजूंना उजेड सारखा, वरची कड एका पातळीत. नजर पुढच्या साईटवर ठेवा. टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं, दिसायलाच पाहिजे. नेम काळ्या गोलाच्या मध्यावर धरू नका. गोलाच्या खाली थोडी पांढरी जागा सोडून धरा. छर्रा मध्यात लागेल असा साईट प्रशिक्षकांकडून लावून घ्या.

श्वास आणि ट्रिगर

श्वास घेत हात वर न्या, सोडत सोडत खाली आणून नेमावर थांबा. अर्धा श्वास सोडला की थांबवा. बोटाच्या पहिल्या पेराने ट्रिगर सरळ मागे हळूहळू दाबत राहा. "आत्ता मध्ये आलाय, मार!" असं मनात आलं की बोट झटका देतं. उजव्या हाताने मारणाऱ्याचा छर्रा मग बहुतेक डावीकडे खाली जातो. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्या, दम घ्या, परत उचला. हात खाली घेण्यात लाज नाही. छर्रा सुटल्यावरही दोन सेकंद तसंच उभं राहा आणि टार्गेट बघण्याआधी शॉट कुठे गेला असेल ते मनात सांगा.

घरचा सराव, खर्च शून्य

पांढऱ्या भिंतीसमोर छर्रा न भरता रोज वीस मिनिटं ट्रिगर दाबा. टार्गेट लावू नका. ट्रिगर सुटताना पुढचा साईट हलतो का, एवढंच बघा. पुतण्याने दोन महिने हेच केलं, मग त्याचे छर्रे मध्याकडे येऊ लागले. स्पर्धेच्या पिस्तुलात कोरड्या सरावाची सोय असते. साध्या स्प्रिंगच्या पिस्तुलात असं करू नका, स्प्रिंग खराब होते.

हे विसरू नका

सरावाआधी पिस्तूल रिकामं आहे का, ते दोनदा बघा. नळी कधीच माणसाकडे किंवा जनावराकडे नको. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. रानात पाखरांवर नेम धरणं हा खेळ नाही, वन्यजीव मारणं गुन्हा आहे. 25 मीटरच्या .22 पिस्तुलाला शस्त्र परवाना लागतो. 10 मीटरच्या स्पर्धेच्या एअर पिस्तुलाला सहसा लागत नाही, तरी विकत घेण्याआधी नियम आणि कागदपत्रं पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

पालकांना एक विनंती. पोराचे गुण अडकले म्हणून लगेच नवीन पिस्तुलासाठी कर्ज काढू नका. आधी प्रशिक्षकांना सांगून एकदा रिकाम्या पिस्तुलाने त्याचं बोट तपासा.