शेतावरचे बालपण आणि इंदूरची माती

हीरक महोत्सवानिमित्त शाळेच्या जुन्या प्रवेश-नोंदवह्या चाळताना ‘पालकांचा व्यवसाय’ या रकान्यापाशी मी वारंवार थांबले. तेथे ‘शेती’ हा शब्द आला की मला दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग आठवे. प्रवेशासाठी आलेल्या, जवळच्या खेड्यातील एका मुलाला मी विचारले, “वडील काय करतात?” मान खाली घालून तो म्हणाला, “काही नाही, शेती करतात.” ते ‘काही नाही’ अजून मनातून गेलेले नाही. इंदुरातल्या शाळेत हे ऐकावे लागले याची खंत अधिक आहे. कारण शेतावर वाढलेल्या एका मुलाने पुढे शास्त्रज्ञ होऊन जी खतपद्धती जगाला दिली, ती याच शहराच्या नावाने ओळखली जाते.

त्या मुलाचे नाव अल्बर्ट हॉवर्ड. इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात १८७३ मध्ये एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालपण शेतावर गेले. पुढे लंडन आणि केंब्रिज येथे त्यांनी विज्ञानाचे शिक्षण घेतले. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस येथे पिकांवरील बुरशीरोगांचे अभ्यासक म्हणून रुजू झाले. पद मानाचे होते, पण मन रमेना. रोगावर उपाय सांगायचा, मात्र तो आधी करून पाहायला स्वतःचे पीक नाही, ही स्थिती त्यांना खटकू लागली. जो उपाय आपण स्वतः करून पाहिला नाही, तो दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगावा? प्रयोगशाळेतच वाढलेल्या माणसाला हा प्रश्न कदाचित पडलाही नसता.

१९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथील शेती संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांना ७५ एकर जमीन मिळाली. आसपासच्या शेतकऱ्यांची पिके कीटकनाशकांवाचूनही निरोगी असतात, हे त्यांनी पाहिले. या शेतकऱ्यांना आणि पिकांवरील किडींनाही त्यांनी आपले गुरू मानले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांच्या परिश्रमांतून ‘पुसा ४’, ‘पुसा १२’ यांसारख्या गव्हाच्या जाती निघाल्या. तथापि संस्थेत एकाच पिकाचे प्रश्न निरनिराळ्या विभागांत वाटले जात. माती, पीक, जनावर आणि माणूस यांचा एकत्र विचार व्हावा, असे वाटणाऱ्या हॉवर्डना ती चौकट अपुरी पडली.

यातूनच १९२४ मध्ये इंदूर येथे वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली. माळव्याची काळी जमीन, कापसाचे पीक आणि खताची चणचण हे येथील रोजचे प्रश्न होते. शेण चुलीत जाई आणि पिकांचे अवशेष वाया जात. हॉवर्डनी हेच टाकाऊ साहित्य हाती घेतले. कापसाच्या टणक पऱ्हाट्या शेतातील वाटांवर पसरायच्या, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होई. मग उथळ खड्ड्यात पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, पाणी शिंपडायचे, तीन वेळा ढीग वरखाली करायचा. तीन महिन्यांत खत तयार! यातील प्रत्येक वस्तू शेतकऱ्याच्या दारातली होती. हीच ‘इंदूर पद्धती’. तिची हकीकत सांगणारे पुस्तक १९३१ मध्ये निघाले. त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचेही नाव आहे, ही आपणा इंदूरकर मराठी मंडळींना विशेष अभिमानाची गोष्ट. त्या संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे.

शेतावर वाढलेला प्रत्येक मुलगा शास्त्रज्ञ होतो, असे मला म्हणावयाचे नाही. हॉवर्डना रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शाळा-महाविद्यालयांतच शिकावे लागले. परंतु त्या विद्येने कोणता प्रश्न सोडवावयाचा, याची जाण शेताने दिली होती. शेतकऱ्याचे मूल वर्गात येते ते रिकाम्या हाताने येत नाही, हे आम्हा शिक्षकांनीच आधी मानले पाहिजे. आम्ही ते नेहमी मानले, असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

गेल्या वर्षी विज्ञानाच्या तासाला कुजण्याची क्रिया शिकवली जात होती. शेणखताच्या ढिगात हात घातला तर काय जाणवेल, असे बाईंनी विचारले. वर्ग गप्प राहिला. मग तोच मुलगा उठून म्हणाला, “आत गरम असतं बाई. थंडीत सकाळी वाफ निघते.” बाईंनी त्याला फळ्याजवळ बोलावले आणि उरलेला तास त्यालाच बोलू दिले. त्या वेळी त्याची मान खाली नव्हती.